श्वास घेतला म्हणे, तोही कॅलेंडरात नोंदवून!

तुम्हाला म्हणून सांगते, माझं नाव कुठे घेऊ नका. बेंगळुरूत सध्या माणसं थांबतात. दिवसाढवळ्या, ऐन कामाच्या वेळी, चांगल्या घरची, शिकलीसवरलेली माणसं. लिफ्टपाशी थांबतात, लॅपटॉप उघडायच्या आधी थांबतात, घास तोंडाशी नेता नेता थांबतात. काय झालं म्हणून विचारावं तर डोळे न उघडताच एक बोट वर करतात, म्हणजे एक मिनिट. आणि मिनिट संपलं की असं काही समजूतदार हसतात, की इतका वेळ आपणच काहीतरी अचकटविचकट करत होतो असं वाटावं.

आता थांबणं या गावाला नवीन आहे का हो? थांबण्यात बेंगळुरूचा हात कोण धरणार! टॉमटॉम म्हणून नेदरलँड्सची कंपनी आहे, ती जगभरच्या शहरांमधल्या वाहतुकीचा हिशेब मांडते. २०२४च्या हिशेबात इथे दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागत होती. जगात तिसरा नंबर. चौथं आपलं पुणं, ३३ मिनिटं २२ सेकंद. अठ्ठेचाळीस सेकंदांनी नंबर हुकला हे कोथरूडच्या माझ्या भावाला अजून पचलेलं नाही. मोजणारे सुट्टीच्या दिवशी आले असतील, असं त्याचं म्हणणं. तर सांगत काय होते, रस्त्यानं अडवलं की थांबायचं आणि थांबल्या थांबल्या हॉर्नवर हात ठेवायचा, ही इथली रीत. कोणी अडवलेलं नसताना आपणहून थांबायचं, ही थेरं नवी. माइंडफुल पॉज म्हणतात.

मला पत्ता लागला तो घरातच. सून आउटर रिंग रोडवरच्या एका कंपनीत आहे, आठवड्यातले काही दिवस घरून काम करते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. मी कोथिंबिरीची जुडी घेऊन मागून जात होते तर पडद्यावर बारा-तेरा चौकोन, प्रत्येकात एक तरणाताठा जीव, आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. पोटात गोळाच आला. म्हटलं, कोण गेलं? अशी स्तब्धता आपल्याला माहीत ती ३० जानेवारीची. सकाळी अकरा वाजता भोंगा होतो आणि हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं. मीही राहिले उभी, जुडी छातीशी धरून. तेवढ्यात आत कुकरनं शिट्टी दिली. एकाची पापणी हलेल तर शपथ! फक्त डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातल्या मुलानं एक डोळा किलकिला केला, मला बघितलं, कोथिंबिरीला बघितलं, आणि पुन्हा मिटला. त्या मुलावर माझा तिथल्या तिथे जीव जडला. मग कुठेतरी टिंग वाजलं, सगळ्यांनी डोळे उघडले, एकमेकांना थँक्यू म्हणाले आणि कुणाच्या चुकीमुळे काम रखडलं यावर तासभर कडाकडा भांडले.

"आई, मीटिंगच्या आधी आम्ही जरा लँड होतो," सून म्हणाली. होता, तर होता. पण पुढचं ऐका. हे त्यांच्या कॅलेंडरात असतं. पावणेअकराला निळा चौकोन, त्यात लिहिलेलं ‘श्वास’. एकदा अमेरिकेतून कुणाचा तरी फोन यायचा होता म्हणून तो श्वास साडेअकराला ढकलला. मधला पाऊण तास काय केलंत, असं विचारणार होते, पण सासू आहे मी, मला बोलायची सोय नाही.

हे खूळ आणलं कोणी, याचा छडा लावायचा तर लांब जावं लागतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन नावाच्या गृहस्थांनी १९७९ मध्ये जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. ध्यानातला देवधर्म बाजूला ठेवला आणि उरलं ते दवाखान्यात चालेल असं करून दिलं. २००७ मध्ये गूगलमधल्या चेड-मेंग टॅन या इंजिनिअरानं तेच कचेरीत नेलं, आपल्याच सहकाऱ्यांसाठी. गूगलमध्ये आलं म्हणजे आउटर रिंग रोडला यायला कितीसा वेळ? बाकी कशातही लागला तरी यात नाही लागला.

मुळातला माल कुठला, हे काय सांगायला पाहिजे! सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून आले, मुंबईत पहिलं विपश्यना शिबिर घेतलं, पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं. पण तिथे दहा दिवस तोंड शिवून बसायचं, फोन जमा करायचा, पहाटे चारला उठायचं. बेंगळुरूच्या नोकरदाराला दहा दिवसांची रजा कोण देतो? त्यात इथलेच इन्फोसिसवाले नारायण मूर्ती २०२३ मध्ये म्हणाले की तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं. सत्तर तासांतून वाचणार काय, तर मिनिटभर. म्हणून शांपूसारखा हाही माल सॅशेत निघाला. फाडा, वापरा, चला पुढच्या मीटिंगला.

बरं, या मिनिटवाल्यांना वाटतं की शोध आपलाच. आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर ब्रह्माकुमारींकडे जाणाऱ्या बाई आहेत. त्यांच्याकडे दिवसातून ठरल्या वेळी, सकाळी साडेदहा, दुपारी बारा, संध्याकाळी साडेपाच, साडेसात, असं गाणं लागतं आणि घर जागच्या जागी थिजतं. बाई फोडणीसमोर कालथा धरून उभ्या, नवरा पेपरात मान घालून निश्चल. गाणं संपलं की कालथा हलतो. मोहरी जळाली तर जळाली. किती वर्षं करतायत, काही बभ्रा नाही, ॲप नाही. या प्रकाराला त्यांच्या संस्थेत म्हणतात ट्रॅफिक कंट्रोल, म्हणजे डोक्यातल्या विचारांच्या रहदारीचं नियंत्रण. राजस्थानात माउंट अबूला बसून हे नाव ठेवणं सोपं आहे. बेंगळुरूत ते तोंडातून काढायला छाती लागते.

कनकपुरा रस्त्याला श्री श्री रविशंकरांचा आश्रम आहे, ते तर श्वासाचे घाऊक व्यापारीच. व्यापारी म्हटलं ते प्रेमानं हं, आमच्या नणंदबाई तिथल्याच. २०२४च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस ठरवला, तेव्हा नणंदबाईंनी घरी बासुंदी केली. वर्षातला सगळ्यात लहान दिवस निवडलाय म्हणून मी काहीतरी बोलले, त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा करुणेनं पाहिलं की वाटी ठेवून उठावंसं वाटलं. नाही उठले. बासुंदी चांगली होती.

सरकारही यात सामील आहे, सांगितलं का मी तुम्हाला? आयुष मंत्रालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये वाय-ब्रेक नावाचं ॲप काढलं. पाच मिनिटांत ताडासन, कटिचक्रासन, नाडीशोधन, भ्रामरी आणि शेवटी जरासं ध्यान, सगळं खुर्चीच्या आसपास उरकायचं. केंद्रीय कर्मचाऱ्यांनी ते वापरावं म्हणून वरून पत्रं गेली. कचेरीत माणसानं काम थांबवावं म्हणून परिपत्रक! आमच्या ह्यांची उभी हयात सरकारी नोकरीत गेली. ते ऐकून इतके हसले की बशीतला चहा पायजम्यावर. "आम्ही हे परिपत्रकाशिवाय करायचो," म्हणाले, "आणि पाच मिनिटांत आटपायचो नाही."

थट्टा सोडा, पण त्यांच्या बोलण्यात मला तथ्य दिसतं. बेंगळुरूचा असली थांबा म्हणजे बाय-टू कॉफी. एक कॉफी, दोघांत अर्धी अर्धी. शंकरपुरमला ब्राह्मिन्स कॉफी बार १९६५ पासून आहे. तिथे बसायला जागा शोधाल तर मिळायची नाही. उभ्यानं इडली, उभ्यानं कॉफी, पेला गरम म्हणून धड धरवत नाही, म्हणून फुंकर मारायची आणि फुंकर मारताना समोरच्या झाडाकडे बघायचं. त्या वेळात माणूस स्वतःकडे लक्ष देत नसतो, कॉफीकडे देत असतो. गांधी बझारला विद्यार्थी भवनात डोशासाठी आत-बाहेर ताटकळत उभी असलेली म्हातारी मंडळी बघा. कोणाच्या चेहऱ्यावर शांती मिळवल्याचा अभिमान दिसतो का? भूक दिसते.

माझ्या सासूबाई ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घातल्याशिवाय घास उचलायच्या नाहीत. दिवेलागणीला बोलणं तोडून उठायच्या, मग पाहुणा का असेना. गोव्याला माझ्या मैत्रिणीच्या शेजारी संध्याकाळी चर्चमधली आंजेलची, म्हणजे प्रार्थनेची, घंटा झाली की अंगणातली माणसं बोलता बोलता थबकायची, आपापल्या तोंडात प्रार्थना म्हणायची, आणि वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे. यामागे शास्त्र होतं म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो, पण एक सांगते. २००१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी तेवीस धडधाकट माणसांना लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, मग एक योगमंत्र म्हणायला लावला, आणि श्वास मोजले. दोन्हीकडे मिनिटाला साधारण सहा. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. तेव्हा चर्चमधली आजी आणि आमच्या सासूबाई एकाच चालीनं श्वास घेत असणार. दोघींना हे कळतं तर विटाळ धरला असता, तो भाग वेगळा.

फरक काय झाला, तर पूर्वी थांबणं दुसऱ्या कोणाच्या नावावर जमा व्हायचं. देवाच्या, दिव्याच्या, नाहीतर कॉफीच्या. आता ते स्वतःच्या खात्यात जमा होतं, आणि खातं म्हटलं की शिल्लक बघावीशी वाटणारच. सी ब्लॉकमधल्या एका तरण्या मुलाची गोष्ट ऐका. त्याच्या फोनवर ध्यानाचं ॲप आहे, त्यात रोजची साखळी मोजतात, स्ट्रीक म्हणतात. परवा त्याच्या मेहुण्याचं लग्न, हॉल कुठे लांब येलहंकाला. पंगत चालू, वाढपी रसमचं भांडं घेऊन समोर उभा, आणि हा रात्री बारा वाजायला काही मिनिटं असताना ताटावरून उठला, बूट-चपलांच्या ढिगाशेजारी जाऊन बसला आणि शांत झाला. बायको शोधत आली. शांत होतोय म्हटल्यावर ती जी अशांत झाली, ती अजून आहे. सासरे म्हणे व्याह्यांना सांगत होते, जावयाला मधुमेह आहे, इंजेक्शन घ्यायला गेलाय. लाज झाकायला माणूस काय काय सांगतो!

आणि गंमत बघा, होसूर रस्त्याला निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून शट नावाचा दवाखाना चालतो. फोन आणि गेम यांच्या आहारी गेलेल्यांसाठी. देशातला तसला पहिलाच. म्हणजे एका हातानं फोन सोडवायचा आणि दुसऱ्या हातानं शांत होण्यासाठी फोन धरायचा. मनगटावरच्या घड्याळांचं तर विचारूच नका. ॲपलच्या घड्याळात २०१६ पासून श्वास घ्यायची आठवण येते. भर सत्यनारायणाच्या पूजेत यजमानांच्या मनगटावर थरथर झाली, यजमान थांबले, गुरुजींना वाटलं मंत्र चुकला.

आता इतकं बोलल्यावर तुम्ही म्हणाल, सोडून द्या. तर तीच पंचाईत आहे, मेलं लागू पडतं! श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, घेताना वाढतात. म्हणून सोडणं लांबवलं की अंग आपोआप निवतं. त्यात जादू नाही आणि पैसे पडत नाहीत. शिवाय साखळी तुटली म्हणून रडायचंही कारण नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि मंडळींनी शहाण्णव जणांना रोजची एकेक साधी सवय लावायला सांगून पाहिलं होतं. अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, कोणाची गाडी २५४ पर्यंत जाईलसं दिसलं. मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. एकवीस दिवसांत सवय लागते हे जे सगळीकडे ऐकता, ते मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून आलेलं. नवं नाक सवयीचं व्हायला पेशंटला निदान इतके दिवस लागतात, असं त्यांनी लिहिलं होतं. नाकाचा हिशेब लोकांनी श्वासाला लावला. शेजारी शेजारीच आहे म्हणा.

जमतं कोणाला, तर जे वेगळा मुहूर्त काढत नाहीत त्यांना. स्टॅनफर्डचे बी. जे. फॉग हेच सांगतात, रोज आपसूक होणाऱ्या कामाच्या शेपटीला नवी गोष्ट बांधा. आमच्या मजल्यावरच्या वहिनी तसंच करतात. पितळी फिल्टरमध्ये कॉफीची पूड दाबली, उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं, की हात ओट्यावर टेकून उभ्या राहतात. पहिले थेंब पडायला वेळ लागतो, टप्प करून आवाज येतो, मग दुसरा. चार-पाच थेंब ऐकले की दूध ठेवायला वळतात. मी विचारलं, याला काय म्हणायचं? म्हणाल्या, "डिकॉक्शन पडायची वाट बघतेय हो, दुसरं काय!" बाईंनी एक पैचं ॲप घेतलेलं नाही. त्यांना कोणी सर्टिफिकेट देणार नाही.

सिग्नलला थांबून हेच करावं असं व्हिएतनामचे बौद्ध भिक्षू तिक न्यात हान्ह सांगायचे. लाल दिवा म्हणजे घंटा समजा, शत्रू समजू नका. त्यांनी आमचा सिल्क बोर्डचा चौक पाहिला होता की नाही, देव जाणे. तिथे ही घंटा इतकी लांबते की माणूस निर्वाणाला जाऊन परत यावा, आणि रिक्षा तिथेच. तरी एक मान्य करते, २०२२ मध्ये बेंगळुरूच्या काही चौकांत लाल दिवा हृदयाच्या आकाराचा केला होता, हृदयाची काळजी घ्या म्हणून. तेव्हा हॉर्न कमी वाजला असेल असं समजू नका. मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये बरोबर ओळखलं. सिग्नलला आवाजमापक जोडला, ८५ डेसिबलच्या वर कल्ला गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. वाजवा आणखी, थांबा आणखी! याला म्हणतात साधना. परवा माझ्या रिक्षावाल्यानं मात्र सिग्नलला इंजिन बंद केलं, खिशातून फडकं काढलं आणि आरसा पुसला. सावकाश, कडांपासून. म्हटलं, अण्णा, ध्यान करताय का? "पेट्रोल वाचतं अम्मा," म्हणाला.

एका गोष्टीवर मात्र माझा खरोखरच जीव तुटतो, ती चेष्टेवारी नेऊ नका. ए ब्लॉकमधल्या मॅडम दार उघडायच्या आधी थांबतात. बेल वाजली की आत एक श्वास, मग दार. त्यांना कोणीतरी शिकवलंय की प्रतिक्रिया देऊ नका, प्रतिसाद द्या. बाहेर सामान पोचवणारा पोरगा, पाठीवर पिशवी, हातात फोन, फोनवर वेळ पळतेय. दहा मिनिटांत कांदे-बटाटे आणून द्यायच्या कबुलीवर नेमलेला तो. तो बेलकडे बघतो, फोनकडे बघतो, पुन्हा बेल दाबायला हात नेतो आणि मागे घेतो, कारण मॅडम तारे कमी देतील. मॅडमचा थांबा त्याच्या खात्यातून वजा झाला, हे मॅडमच्या ॲपवर कुठे दिसणार? आमच्या गेटवरचा रखवालदार बारा तास उभा असतो. तो डोळे मिटून मिनिटभर बसला, तर त्याला कोणी माइंडफुल म्हणालं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला, खाली लिहिलेलं, ‘ड्यूटीवर झोपा’. फोटो टाकणाऱ्याच्या नावापुढे कमळाचं चित्र.

आणि आता ताजी खबर. त्याच कमळवाल्यांनी सोसायटीच्या सभेपुढे ठराव मांडलाय की लॉबीत पितळी घंटा बसवावी, दर तासाला वाजवावी, म्हणजे रहिवासी जिथे असतील तिथे थांबतील. खजिनदार म्हणतात, घंटेचे पैसे देखभाल खर्चात बसत नाहीत, सणांच्या निधीतून घ्यावे लागतील, मग गणपतीत मंडप लहान होईल. रात्रपाळीची मुलं दिवसा झोपतात, त्यांचा लेखी विरोध आलाय. लिफ्टमध्ये असताना घंटा झाली तर दार धरून ठेवायचं का, यावर दोन ब्लॉकांत बोलणं बंद आहे. आणि घंटा वाजवणार कोण, तर अर्थात रखवालदार. त्याच्या कामात ही भर घालायची तर पगार वाढवा, हा मुद्दा मी मांडणार आहे. सभा रविवारी अकराला, क्लब हाउसमध्ये. आधी मिनिटभर शांतता पाळायची आहे म्हणे, मग विषयाला हात. तुम्ही जरा लवकर या, पुढच्या खुर्च्या भरतात. आणि डोळे पूर्ण मिटू नका, कोण कोण बघतंय ते बघायचंय.